गरी पाण्यात किती तास? गोव्यातल्या हौशी मासेमारीचा पेट्रोल-हिशेब

रविवारी सकाळी दुर्भाटच्या धक्क्यावर होड्या सोडताना जी बोलणी होतात, त्यांत हल्ली पहिला विषय माशांचा नसतो, पेट्रोलचा असतो. आम्ही तिघांनी मिळून एक १८ फुटी फायबरची होडी ठेवली आहे, तिला ९.९ एचपीचं फोर-स्ट्रोक इंजिन. चोणक, तामसो, पालू, कधी एखादा गोबरो, एवढ्या माशांसाठी आम्ही जुवारी नदीत उतरतो. आमचं पोट त्यावर नाही. पण घरात महिन्याचा हिशेब लिहिला जातो आणि त्यात होडीच्या पेट्रोलचा वेगळा रकाना आहे.

चार वर्षं तो रकाना लिहून एक गोष्ट मला पक्की कळली. पेट्रोल जळतं ते प्रवासाला, आणि मासा लागतो तो बहुतेक वेळा इंजिन बंद असताना. त्यामुळे खर्च फेरीमागे मोजू नका, किलोमागे तर मुळीच नको. गरी, म्हणजे गळ, पाण्यात असलेल्या तासामागे मोजा. तिघांनी चार तास गरी टाकली तर ते बारा गरी-तास झाले. सगळ्या पेट्रोलच्या पैशांना बाराने भागा. हा आकडा खाली आणायचा, एवढंच काम.

किलोमागे का मोजू नये, तेही सांगतो. तसं मोजायला लागलं की माणूस पैसे वसूल करायच्या नादात वीतभर चोणकसुद्धा पिशवीत टाकतो. चोणक आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे लहान उचलला तर उद्याची आईच गेली. पेट्रोलचा खर्च त्या पिल्लाच्या अंगावर टाकणं मला पटत नाही.

पहिलं काम: आपल्या इंजिनाची भूक मोजा

"आमचं इंजिन कमी खातं" असं सगळेच म्हणतात, मोजलेलं कुणीच नसतं. ढोबळ नियम असा, की फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलला दर एचपीमागे ताशी साधारण ०.३५ ते ०.४ लिटर पितं. म्हणजे ९.९ एचपीला ताशी पावणेचार लिटरच्या आसपास. कार्ब्युरेटरचं जुनं टू-स्ट्रोक त्याच कामाला सव्वा ते दीडपट घेतं, शिवाय त्यात तेल मिसळावं लागतं. ५० ला १ या प्रमाणात दर लिटरला २० मिली तेल. ते पैसे बरेच जण हिशेबात धरतच नाहीत.

पण नियमावर थांबू नका. वारा नसलेल्या दिवशी, पाणी थांबलेलं असताना, टाकी काठोकाठ भरा. नेहमीची माणसं आणि नेहमीचं सामान घेऊन एकाच थ्रॉटलवर जाऊन-येऊन एकूण अर्धा तास चला. मोबाईलच्या जीपीएसवर वेग बघा, नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. परत आल्यावर मापाच्या भांड्याने टाकी पुन्हा काठोकाठ भरा. जेवढं ओतलं त्याची दुप्पट म्हणजे तासाची भूक. असं तीन थ्रॉटलवर करा. आमच्या होडीचे आकडे असे आले:

पूर्ण थ्रॉटल: ७ नॉट, ताशी ३.७ लिटर
पाऊण थ्रॉटल: ६ नॉट, ताशी २.३ लिटर
अर्धा थ्रॉटल: ५ नॉट, ताशी १.४ लिटर

आता लिटरला नॉटने भागा, म्हणजे दर सागरी मैलाचं पेट्रोल निघेल. पूर्ण थ्रॉटलला ०.५३ लिटर, पाऊणला ०.३८, अर्ध्याला ०.२८. सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. हे तीन आकडे होडीच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवा. पुढचं सगळं गणित यांच्यावर चालतं.

वेग: दोन नॉट सोडले तर काय मिळतं

समजा मासे धरायची जागा ७ सागरी मैलांवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन १४. हिशेब सोपा जावा म्हणून पेट्रोल १०० रुपये लिटर धरू. पूर्ण थ्रॉटलला दोन तास लागतील आणि ७.४ लिटर जळेल, ७४० रुपये. अर्ध्या थ्रॉटलला पावणेतीन तासांहून जरा जास्त लागतील, ३.९ लिटर जळेल, ३९० रुपये. ४८ मिनिटांसाठी आपण ३५० रुपये मोजत होतो.

याचं कारण पाण्यात आहे. पाणी कापत जाणाऱ्या होडीला स्वतःच्या लांबीप्रमाणे एक वेगमर्यादा असते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, की नॉटमध्ये वेग मिळतो. पाण्यावरच्या १६ फुटांना ५.४ नॉट. त्याच्या पुढे होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते आणि इंजिन तिला ढकलत राहतं. मागची लाट उंच झाली, होडीची मान वर गेली, की समजा पैसे पाण्यात चाललेत.

सपाट तळाच्या, मोठ्या इंजिनाच्या होड्यांचा नियम निराळा आहे. त्या पुरत्या वर उठून पाण्यावरून घसरत जातात तेव्हा त्यांचं बरं चालतं, आणि अगदी सावकाश चालतात तेव्हाही. मधला वेग, होडी अर्धवट उठलेली आणि मागचा भाग खाली दबलेला, हा सगळ्यांत महाग. अशी होडी असेल तर एक तर ५ नॉटच्या खाली राहा, नाहीतर सामान आणि माणसं पुढे सरकवून ती पुरती उठवा.

सुकती-भरती: फुकटचं इंजिन

पेट्रोल वाचवायची गोव्यातली सगळ्यांत मोठी युक्ती दुकानात मिळत नाही. मांडवी आणि जुवारीत समुद्राची भरती-ओहोटी चाळीसेक किलोमीटर आतपर्यंत जाणवते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी दीड-दोन नॉटने वाहतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो तेव्हा ओढ कमी.

दीड नॉटचा प्रवाह धरा आणि अर्ध्या थ्रॉटलची, ५ नॉटची होडी. पाण्याबरोबर गेलात तर जमिनीच्या हिशेबाने ६.५ नॉट, विरुद्ध गेलात तर ३.५ नॉट. वरच्याच १४ मैलांना दोन्ही वेळा पाण्याबरोबर: दोन तास नऊ मिनिटं, ३ लिटर. दोन्ही वेळा पाण्याविरुद्ध: चार तास, ५.६ लिटर. आता मघाचा पूर्ण थ्रॉटलचा आकडा शेजारी ठेवा, दोन तास आणि ७.४ लिटर. म्हणजे पाण्याची वेळ साधून अर्ध्या थ्रॉटलवर गेलेला माणूस जवळपास तेवढ्याच वेळात पोचतो, आणि अर्ध्याहून कमी पेट्रोलात.

मला हे गणित आजोबांनी आकड्यांत कधी सांगितलं नाही. ते वल्ह्याच्या होडीत बसायचे आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाली, भरतीला वर, एवढंच पाळायचे. वल्ही मारणाऱ्याला प्रवाहाविरुद्ध जाण्याची किंमत दंडात कळते. इंजिनवाल्याला ती पंपावर कळते, तीही उशिरा.

नदीच्या आतल्या धक्क्यावरून खाली मुखाकडे जायचं असेल तर असं बसवा. सुकती पूर्ण व्हायच्या तीन तास आधी होडी सोडा. तासाभरात जागेवर पोचाल. सुकतीचे शेवटचे दोन तास आणि भरतीचे पहिले दोन तास गरी टाका. पाणी वळायच्या आसपास चोणक पुलाच्या खांबांशी आणि खडपांशी वर येतो, त्यामुळे हीच वेळ माशालाही मानवते. भरती जोर धरू लागली की नांगर उचला आणि तिच्याबरोबर घरी या. धक्का मुखाजवळ असेल आणि वर जायचं असेल तर हेच उलट.

आमच्या नेहमीच्या फेरीचा हिशेब आता बघा. प्रवासाला ३ लिटर, जागा बदलायला आणखी १. चार लिटर म्हणजे ४०० रुपये, बारा गरी-तास, तासाला ३३ रुपये. पहिल्या वर्षी, घाईने जायचो तेव्हा, माझ्या वहीत हाच आकडा ७० च्या वर आहे.

वेळ कशी काढायची? कोकणात जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. आठवडाभर आधी रविवार ठरवायला हा उत्तम आहे. पण तो ढोबळ आहे, शेवटची वेळ मुरगाव बंदराच्या कोष्टकावरूनच घ्या. आणि नदीत जेवढं आत, तेवढं पाणी उशिरा वळतं हे लक्षात ठेवा. आपल्या जागेवर ते मुरगावपेक्षा किती मिनिटं उशिरा वळतं, ते चार-पाच फेऱ्या लिहून काढा. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे या रविवारी वेळ जमली तर पुढच्या रविवारी ती जवळपास उलटी असते. रविवारच हवा असा हट्ट असलेल्यांना पंधरवड्यातून एकच चांगली फेरी मिळते. मी दोन वाईट फेऱ्यांपेक्षा तीच घेतो.

वारा आणि राखीव पेट्रोल

पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो. तो पाठीशी घेऊन बाहेर पडा. दुपारकडे खारा वारा सुटतो, तो घराकडे ढकलतो. ऐकायला छान वाटतं, पण मुखाशी सुकती जोरात बाहेर चालली असेल आणि समोरून खारा वारा येत असेल तर पाणी उभं राहतं. तिथे होडी जागच्या जागी आपटत राहते आणि इंजिन दुप्पट पितं.

तीन वर्षांपूर्वी आमच्यावर हीच वेळ आली. जाताना चार लिटर लागलं म्हणून येताना चार लागेल असं धरून चाललो होतो. मुखाशी पाणी उभं राहिलं, तासभर पुढे सरकलोच नाही, आणि सांकवाळच्या पुढे इंजिन थांबलं. एका रापणकाराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराच्या, होडीने दोर टाकून ओढून आणलं. त्याने पैसे घेतले नाहीत. त्याचा अर्धा दिवस मात्र आमच्यामुळे गेला, आणि ते मला आजही सलतं.

तेव्हापासून तिसऱ्या भागाचा नियम मोडलेला नाही: एक भाग जायला, एक भाग यायला, एक भाग राखीव. पेट्रोल कितीही महाग झालं तरी राखीव भागातून काटकसर करायची नाही. ते पेट्रोल परत घरी येतं, ते खर्च नव्हेच. शिवाय दोन वल्ही, नांगर आणि माणशी एक लाईफ जॅकेट.

रस्त्यावरचं पेट्रोल मोजलंत का?

फोंड्याहून दुर्भाट जवळ आहे, मी स्कूटरने जातो, जाऊन-येऊन अर्धा लिटरही जळत नाही. पण मडगावहून शापोऱ्याला किंवा साखळीहून बेतूलला गाडी घेऊन जाणारे मित्र आहेत. एकूण १२० किमी, गाडी लिटरला १५ देते, म्हणजे ८ लिटर. आमच्या होडीच्या दुप्पट! नदी जवळची निवडा. गोव्यात ती कुणालाच फार लांब नाही: तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, खाली काणकोणात तळपण आणि गालजीबाग. मांडवी-जुवारीला जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा तर मधल्या भागातल्या लोकांना अंगणासारखा आहे. लांब जायचंच असेल तर चौघे एका गाडीत.

समुद्रात जाणाऱ्यांसाठी

इथे आकडे एकदम वाढतात. २२ फुटी होडी आणि ४० एचपीचं फोर-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला ताशी १५ लिटरच्या घरात जातं, बेताने चालवलं तर १० च्या आसपास. विसवण किंवा गेदर धरायला ट्रोलिंग करायचं, म्हणजे आमिष ओढत चार-पाच तास इंजिन चालूच. सावकाश असलं तरी ताशी तीन-चार लिटर धरा, की निव्वळ ट्रोलिंगचे १२-२० लिटर होतात.

माझं मत असं: ट्रोलिंग फक्त जाण्या-येण्याच्या वाटेवर करा. नाहीतरी ते मैल कापायचेच आहेत, तेवढा वेळ दोन गऱ्या मागे सोडा. जागेवर पोचल्यावर इंजिन बंद. खडपावर नांगर टाकून तळाला गरी सोडा, किंवा होडी वाऱ्यावर वाहू द्या आणि जिगिंग करा, म्हणजे जड आमिष वर-खाली हलवत राहा. वाहत गेलात की थोडं वर येऊन पुन्हा वाहा. आमिषासाठी जिवंत सुंगटं (कोळंबी) आदल्या संध्याकाळीच मिळवा, सकाळी आमिष शोधत धक्क्या-धक्क्याला फिरण्यात दोन लिटर सहज जातात.

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि पावसाळ्यात नद्यांच्या मुखांवरचे वाळूचे बार जीवघेणे असतात. त्या काळात समुद्राचा विचारच सोडा.

दरवाढ झाली की किती वाढतं? भाड्याच्या होडीवाल्याशी बोलताना

पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहेत, त्यामुळे राज्याच्या व्हॅटवर बरंच ठरतं. २०१२ साली मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास काढून टाकला तेव्हा लिटरमागे ११ रुपयांच्या आसपास फरक पडला होता. तो व्हॅट नंतर पुन्हा वाढत गेला, तरी शेजारच्या महाराष्ट्र-कर्नाटकापेक्षा इथे पेट्रोल स्वस्तच आहे. जून २०१७ पासून दर रोज बदलू शकतो.

तरीही दरवाढीचा बाऊ करण्याआधी गुणाकार करा. लिटरमागे ५ रुपये वाढले आणि आमची फेरी ४ लिटरची असेल तर फेरीला २० रुपये वाढले. पूर्ण थ्रॉटलने गेलो तर त्याच फेरीला ४०० हून जास्त वाढतात. सरकारपेक्षा थ्रॉटलवरचा आपला हात जास्त पैसे घेतो.

हेच गणित होडी भाड्याने घेताना वापरा. दर ठरवताना विचारा: पेट्रोल धरून की वेगळं? इंजिन किती एचपीचं? गरी पाण्यात किती तास राहील? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण "पाच तासांची फेरी" यातले तीन तास प्रवासातच जाऊ शकतात. एकदा मला पेट्रोल वाढलं म्हणून हजार रुपये जास्त सांगितले गेले. फेरी ३० लिटरची, दर वाढला होता ३ रुपयांनी, म्हणजे वाढ ९० रुपयांची. शांतपणे हिशेब मांडला, बोलणं तिथेच मिटलं. मात्र तांडेल (होडीचा प्रमुख) आणि खलाशाच्या मजुरीत घासाघीस करू नका. मासे कुठे आहेत ते त्यांना ठाऊक असतं, आणि ओळखीचा तांडेल जो फुकटचा फेरफटका वाचवतो, तेच तुमचं खरं स्वस्त पेट्रोल.

वाटणीचं म्हणाल तर आमची पद्धत साधी आहे: पेट्रोल आणि तेल भागीदारांत समान, आलेल्या पाहुण्याने फक्त पेट्रोलचा भाग द्यायचा, मासा कुणालाही लागो तो समान वाटायचा. शिवाय दर फेरीला ५० रुपये माणशी इंजिनाच्या डब्यात. देखभालीचा खर्च त्यातूनच निघतो.

तळ, पंखा आणि पावसाळ्यातली टाकी

खाऱ्या पाण्यात होडी ठेवली की महिन्याभरात तळाला बार्नेकल बसतात आणि खरखरीत तळ पाणी धरतो. सुकतीला होडी कोरडी पडेल अशी जागा असेल तर महिन्यातून एकदा तळ खरवडा. वापर कमी असेल तर होडी वर ओढूनच ठेवा. पंख्याची (प्रोपेलरची) पाती हाताने चाचपून बघा. वाळूत घासून कडा मुडपल्या असतील तर पूर्ण थ्रॉटललाही इंजिनाचे फेरे नेहमीसारखे येत नाहीत आणि वेग पडतो. पहिल्या दिवशी मोजलेले तीन आकडे इथे कामी येतात: दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. भूक वाढली असेल तर तळ, पंखा, स्पार्क प्लग या क्रमाने शोधा.

पेट्रोलचं एक नवं दुखणं आहे. पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे तेवढ्याच मैलांना पाच-सात टक्के जास्त लागतं. त्याहून वाईट म्हणजे ते हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओलीची काय कमी! टाकीत पाणी खाली वेगळं बसतं आणि पहिल्याच फेरीला इंजिन अडतं. मे महिन्याच्या शेवटी टाकी रिकामी करून ते पेट्रोल स्कूटरमध्ये घाला. नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, त्याला गोडं पाणी मात्र देत राहा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, तो इंजिन-दुरुस्तीच्या मानाने अगदी स्वस्त पडतो. आणि घरी पेट्रोल साठवू नका. ३० लिटरपर्यंत कायद्याने परवाना लागत नाही, पण घरात चूल आणि देवासमोर समई असते. लागेल तेवढंच, फेरीच्या आदल्या दिवशी, धातूच्या कॅनमधून आणा.

होडी न काढताही

होडीच्या पेट्रोलचा आकडा शून्य असलेल्या फेऱ्याही माझ्या वहीत आहेत. फेरीबोटीत पायी माणसाला पैसे पडत नाहीत. रायबंदरहून चोडणला, जुन्या गोव्याहून दिवाडीला उतरा आणि खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधावरून मानशीपर्यंत, पाणी आत-बाहेर सोडायच्या दारांपर्यंत, चालत जा. मानशीची दारं उघडून पाणी सुटतं तिथे शेवटे आणि काळुंदर हे मासे येतात, त्यांच्या मागे चोणक. मानशीचा मासेमारीचा हक्क लिलावाने दिलेला असतो, म्हणून आधी तिथल्या माणसाला विचारा आणि त्याच्या जाळ्यापासून लांब उभे राहा. गेल्या श्रावणानंतरच्या पहिल्या उधाणाला मी असाच दिवाडीच्या बांधावर चार तास उभा होतो. दोन पालू आणि एक तामसो. वहीत त्या दिवशी पेट्रोलच्या रकान्यात स्कूटरचं पाऊण लिटर आहे.